जपानी वेगवान मोटारी : खरेदी, निगा आणि फेरबदल

जपानमध्ये जुन्या मोटारींचा लिलाव होतो, तेव्हा प्रत्येक गाडीसोबत एक पानी तपासणी-पत्रक असते. पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात गाडीच्या एकूण अवस्थेचा शेरा, खाली गाडीची चहूबाजूंनी पसरून काढलेली आकृती आणि त्या आकृतीवर ठिकठिकाणी ए१, यू२, डब्ल्यू३ अशा खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून-रंगवून सरळ केलेल्या पत्र्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज आणि दोन एक्स म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा आकडा वाढला की दोष वाढला असे समजावयाचे. कोपऱ्यातला शेरा ४ किंवा ४.५ असल्यास वयाच्या मानाने गाडी चांगली, ३.५ असल्यास हात लागलेली पण वाईट नव्हे. आणि आकड्याऐवजी ‘आर’ हे अक्षर असल्यास अपघातानंतर दुरुस्त केलेली. वेगवान जपानी मोटारींच्या व्यवहारात हा कागद इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा मोलाचा ठरतो. गोव्यातील बहुतेक तरुणांची या गाड्यांशी पहिली भेट होते ती मात्र पडद्यावर, आणि पडद्यावर कागद दिसत नाहीत.

येथे विचार करावयाचा आहे तो निस्सान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, माझ्दा आरएक्स-७, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या कुळातील गाड्यांचा. साधारणपणे १९८९ ते २००२ हा त्यांचा बहराचा काळ. जपानची अर्थव्यवस्था तेव्हा फुगलेली होती आणि मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांना मोकळा हात होता. याच काळात या कंपन्यांनी आपसात एक संकेत पाळला : कोणत्याही गाडीची शक्ती २८० अश्वशक्तीच्या पुढे जाहीर करावयाची नाही. वेगही ताशी १८० किलोमीटरला बांधून टाकलेला असे. हा संकेत २००४ साली होंडाच्या ३०० अश्वशक्तीच्या लेजंड गाडीने मोडला. तोवरच्या १५ वर्षांत घडले ते असे की कागदावर सर्व गाड्या २८० वर थांबलेल्या, पण इंजिने त्याहून कितीतरी अधिक भार सोसतील अशी बांधलेली. फेरबदलाच्या छंदाचे मूळ या राखून ठेवलेल्या ताकदीत आहे.

याचा उत्तम दाखला ऑगस्ट १९८९ मध्ये आलेल्या आर३२ स्कायलाइन जीटी-आरचा. तिच्या सहा सिलिंडरांच्या, दोन टर्बोंच्या आरबी२६ इंजिनाची क्षमता २,५६८ घन सेंटिमीटर. हा आकडा विचित्र वाटतो. त्याचे कारण शर्यतीच्या नियमावलीत आहे. ‘ग्रुप ए’ शर्यतीत टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून गट ठरत असे. २,५६८ ला १.७ ने गुणले की साडेचार हजारांच्या आतला आकडा येतो आणि गाडी हव्या त्या गटात बसते. म्हणजे घरगुती ग्राहकाला विकलेली ही गाडी आधी शर्यतीसाठी आखलेली होती. जपानच्या टुरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार मोसमांतील सर्वच्या सर्व २९ शर्यती तिने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२ या दोन्ही वर्षी जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ या जोडीने तिच्यातूनच जिंकली. तिला ‘गॉडझिला’ हे नाव जपानने नव्हे, ऑस्ट्रेलियन मोटार-पत्रकारांनी दिले.

अशा गाड्या जगभर पसरल्या, त्यामागे जपानमधील एक प्रशासकीय व्यवस्था आहे. तेथे खासगी मोटारीला नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाच्या सक्तीच्या तपासणीतून जावे लागते. तपासणी, विमा आणि कर मिळून तो खर्च भारी होतो. तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीवर वार्षिक करही चढतो. परिणामी सुस्थितीतील गाडी मालक लवकर काढून टाकतो आणि ती लिलावामार्गे परदेशी जाते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन हे जपानप्रमाणेच डाव्या बाजूने वाहने हाकणारे देश तिचे स्वाभाविक गिऱ्हाईक ठरले. कित्येक वर्षे या गाड्या तेथे स्वस्तात मिळत. पुढे ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा-मालिका, १९९७ चा ‘ग्रॅन तुरिस्मो’ हा व्हिडिओ गेम आणि २००१ चा ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट पाहून वाढलेली पिढी मिळवती झाली आणि भाव आकाशाला भिडले. त्या चित्रपटातील नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेत साडेपाच लाख डॉलरना विकली गेली. चित्रपट-मालिकेतील एका आर३४ स्कायलाइनने २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ही चित्रपटाच्या वलयाची किंमत होय. तथापि साध्या गाड्यांचे भावही त्या मागोमाग चढले आणि भाव चढला की खोटेपणाही चढतो.

आधी कायदा

गाडी निवडण्याआधी ती जेथे चालवावयाची त्या देशाचा कायदा वाचावा लागतो, कारण कोणती गाडी घेता येईल हे तोच ठरवतो. अमेरिकेत सुरक्षा-मानकांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षांची होईपर्यंत सहसा आणता येत नाही; त्यामुळेच १९८९ ची आर३२ तेथे २०१४ मध्ये आणि १९९९ ची आर३४ २०२४ मध्ये मोकळी झाली, आणि त्या त्या वर्षाच्या सुमारास जपानमधील भाव उसळले. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियानेही २५ वर्षांची फिरती मर्यादा स्वीकारली आहे. ब्रिटनमध्ये दहा वर्षांहून जुन्या गाडीला स्वतंत्र मान्यता-चाचणी लागत नाही. मात्र आगमनानंतर चौदा दिवसांत कर-खात्याला कळवावे लागते, वार्षिक तपासणी करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीला गाडी आयात केलेली आहे व तिच्यात कोणते फेरबदल आहेत हे तंतोतंत सांगावे लागते. न सांगितलेला फेरबदल अपघातानंतरच उघड होतो आणि तेव्हा भरपाई नाकारली जाते.

ब्रिटनचा उल्लेख गोव्याच्या वाचकासाठी निव्वळ माहितीपुरता नाही. पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती स्विंडन शहरात आहे, आणि होंडाची सिव्हिक टाइप-आर ही वेगवान गाडी २००१ पासून २०२१ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत त्याच स्विंडनमध्ये तयार होत होती. तेथे राहणाऱ्याला जपानी गाडीचा छंद कायदेशीरपणे आणि तुलनेने सुखाने करता येतो. अडचण येते ती ‘परतताना गाडी गावी नेऊ’ असे मनात आल्यावर.

भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली मोटार उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. तिचे सुकाणू उजव्या बाजूस हवे. ती मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे. पुढील पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील याची हमी हवी. आणि येथे आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तिची चाचणी झाली पाहिजे. यातील पहिलीच अट नव्वदच्या दशकातील प्रत्येक स्कायलाइन, सुप्रा आणि आरएक्स-७ ला दाराबाहेर ठेवते. सुकाणूची अट या गाड्या सहज पुऱ्या करतात, पण वयाच्या अटीपुढे तिचा उपयोग नाही. जुन्या वाहनांसाठीच्या २०२१ च्या नोंदणी-नियमांत ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यास पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. १९९९ ची आर३४ त्या मानाला २०४९ साली पोचेल.

नव्या गाडीचा मार्ग खुला आहे, पण महाग आहे. जपानी वा युरोपीय मानकांनुसार मान्य झालेल्या उजव्या सुकाणूच्या गाड्या एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत वेगळ्या भारतीय मान्यता-चाचणीशिवाय आणता येतात, अशी सवलत केंद्राने २०१८ मध्ये दिली. सीमाशुल्क आणि त्यावर जीएसटी धरता येथील किंमत मूळ किमतीच्या दुपटीच्या पुढे जाते. निस्सानने आर३५ जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आणली, तेव्हा दिल्लीतील शोरूम-किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. त्या गाडीचे उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्ये कायमचे थांबले. मित्सुबिशीची इव्होल्यूशन-१० आणि निस्सानची ३७०झेड याही भारतात अधिकृतपणे विकल्या गेल्या. भारतात राहून या कुळातील गाडी निर्धास्तपणे घ्यावयाची तर अशा अधिकृत विक्रीच्या गाड्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

मग रस्त्यावर क्वचित दिसणारी नव्वदच्या दशकातील सुप्रा किंवा स्कायलाइन कोठून येते? काही गाड्या त्या त्या काळच्या नियमांनुसार शुल्क भरून आलेल्या असू शकतात. काही ‘कार्ने’ या प्रवासी परवान्यावर तात्पुरत्या आलेल्या असतात. अशी गाडी ठरल्या मुदतीत देशाबाहेर न्यावीच लागते, तिची येथे नोंदणी वा विक्री होत नाही. आणि काहींचे कागद एका गाडीचे व सांगाडा दुसऱ्या गाडीचा असतो. विकत घेणाऱ्याने म्हणून प्रथम ‘बिल ऑफ एंट्री’ म्हणजे सीमाशुल्क भरल्याचा मूळ दाखला मागावा, त्यावरील सांगाडा-क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी आणि नोंदणी-पुस्तिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. दाखला ‘हरवला आहे’ असे उत्तर मिळाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. शुल्क चुकवून आणलेली गाडी सीमाशुल्क कायद्याखाली जप्त होऊ शकते, आणि पैसे देऊन ती घेणारा तिसरा वा चौथा मालक असला तरी गाडी जावयाची ती जाते.

गाडी परराज्यातील क्रमांकाची असल्यास आणखी खर्च धरावा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास ना हरकत दाखला आणून नव्याने क्रमांक घ्यावा लागतो आणि रस्ता-करही भरावा लागतो. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आले. आयात केलेल्या चारचाकीसाठी ते शुल्क ४० हजार रुपये, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांहून जुन्या आयात चारचाकीसाठी ८० हजार रुपये झाले आहे. जाहिरातीत दिसणाऱ्या किमतीत यातले काहीच नसते.

गाडी पाहताना

परदेशात राहून ज्याला जपानमधून गाडी आणता येते, त्याने लिलावाच्या पत्रकाची प्रत दलालाकडून नव्हे, शक्य तर स्वतंत्रपणे मिळवावी. पत्रक बदलता येते, आकडे पुसता येतात. जपानी कागदांवर वर्ष सम्राटाच्या कालगणनेत असते, हेही ध्यानात ठेवावे. हेइसेई वर्षात १९८८ मिळवले की इसवी सन मिळतो : हेइसेई ११ म्हणजे १९९९. २०१९ पासूनच्या रेइवा वर्षात २०१८ मिळवावे. निर्यातीसाठी जपानमधील नोंदणी रद्द केल्याचा दाखला हवाच. त्यावाचून पुढील देशात नोंदणी होत नाही.

त्यानंतर सांगाडा-क्रमांक. जपानमध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांना सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक नसतो. प्रतिमानाचे चिन्ह आणि पुढे काही आकडे एवढाच असतो. हे चिन्ह पुष्कळ खोटेपणा उघड करते. खरी आर३२ जीटी-आर बीएनआर३२ या चिन्हाने सुरू होते. एचसीआर३२ असल्यास ती जीटीएस-टी ही दोन चाकांना शक्ती देणारी साधी बहीण असून वरून जीटी-आरचा साज चढवलेला आहे. त्याचप्रमाणे बीसीएनआर३३ खरी व ईसीआर३३ साधी. बीएनआर३४ खरी व ईआर३४ साधी. सुप्राचे असे होत नाही, कारण जेझेडए८० हे चिन्ह टर्बो असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गाड्यांवर सापडते. तेथे इंजिनच पाहावे लागते. साधी बहीण वाईट असते असे नव्हे. ती जीटी-आरच्या भावात घेणे वाईट.

गंजाविषयी गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको; खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचे काय होते हे किनाऱ्यावरचा माणूस जाणतो. जपानमध्ये होक्काइदो आणि तोहोकू भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळे तिकडची गाडी वरून चकाचक आणि खालून पोखरलेली असू शकते. स्कायलाइनमध्ये बॉनेटखाली पुढचे सस्पेन्शन जेथे वर बसते त्या मनोऱ्याच्या कडा पाहाव्यात. आर३३ आणि आर३४ मध्ये तेथे गंज सर्रास आढळतो आणि तो काढणे म्हणजे पत्रा कापून वेल्डिंग करणे होय. मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतील स्टेपनीचा खड्डा, दारांखालचे पट्टे हेही तपासावे. गाडीच्या पोटाला नुकताच काळा लेप दिलेला दिसला तर तो गंजाला अटकाव करण्यासाठी की झाकण्यासाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे, टर्बोची सीले वा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि मोठ्या आकड्यापेक्षा सर्वांतील सारखेपणा पाहावा. आरएक्स-७ साठी साधे मापक चालत नाही. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात, तीन बाजूंचे रोटर असतात आणि प्रत्येक बाजूचा दाब स्वतंत्रपणे दाखवणारे खास मापक लागते. ते ज्याच्याकडे नाही त्या मेकॅनिकने दिलेला ‘इंजिन उत्तम’ हा निर्वाळा मनावर घेऊ नये.

इंजिनांचे स्वभाव

आरबी२६ मजबूत आहे, पण दोन जागी हळवे आहे. आर३२ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचा जो भाग ऑईल पंप फिरवतो तो अरुंद होता. इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांवर नेले की पंपाच्या आतील चक्रावर घाव बसत राहतात आणि एके दिवशी ते तडकते. ऑईलचा दाब गेला की पुढील काही क्षणांत बेअरिंगे जातात. पुढे निस्सानने तो भाग रुंद केला. जुन्या इंजिनावर जाणकार कारागीर रुंद कॉलर बसवतात आणि पंप बदलतात. दुसरी जागा टर्बोची. बहुतेक जीटी-आरच्या मूळ टर्बोंत धुराच्या बाजूचे पाते सिरॅमिकचे आहे. ते हलके असल्याने लवकर फिरू लागते, पण दाब सुमारे १ बारच्या पुढे नेला आणि उष्णता वाढली की फुटते. दुरुस्ती टर्बोपुरती राहीलच याची खात्री नसते.

या गाडीचे चारही चाकांना शक्ती देणारे ‘अटेसा’ यंत्र एरवी मागच्या चाकांनाच शक्ती देते आणि ती घसरू लागली की तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमधून निम्म्यापर्यंत शक्ती पुढे पाठवते. त्यासाठी ते चारही चाकांच्या फेऱ्या सतत ताडून पाहते. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, किंवा दोन वेगळ्या घेरांचे टायर बसवले की यंत्राला चाक घसरल्याचा भास होतो आणि क्लच विनाकारण झिजतो. चारही टायर एकाच जातीचे आणि एकाच वेळी बदलावेत. टायरच्या अंगावरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत असलेला टायर दहा वर्षांचा निघणे नवलाचे नाही.

सुप्राच्या ३ लिटरच्या २जेझेड इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असून मूळ अंतर्भागांवरच दुपटीच्या आसपास शक्ती सोसल्याची कीर्ती त्याने मिळवली आहे. त्याच कीर्तीमुळे धड अवस्थेतील, कोणी ताण न दिलेले इंजिन सापडणे कठीण झाले. इव्होल्यूशनचे २ लिटरचे ४जी६३ आणि इम्प्रेझाचे ईजे२० ही दोन्ही रॅलीत तावूनसुलाखून निघालेली इंजिने. कॉलिन मॅक्रेने १९९५ मध्ये सुबारूला आणि टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे मित्सुबिशीतून जागतिक रॅली विजेतेपद मिळवले. ४जी६३ मध्ये मुख्य टायमिंग पट्ट्याबरोबर तोल राखणाऱ्या शाफ्टचा दुसरा छोटा पट्टा असतो. तो विसरला गेला आणि तुटला, तर मुख्य पट्ट्यात अडकून व्हॉल्व्ह वाकवतो. पट्टे बदलल्याची पावती नसल्यास ते बदललेले नाहीत असे धरून चालावे.

आरएक्स-७ ही वेगळीच जात. ६५४ घन सेंटिमीटरचे दोन कप्पे, दोन टर्बो आणि अतिशय कमी वजन. ऑईल पिणे हा तिचा रोग नव्हे, स्वभाव होय : रोटरच्या टोकावरील पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून पंप ठरावीक प्रमाणात ऑईल जाळण्यासाठीच आत सोडतो. पेट्रोल भरताना दर वेळी ऑईलची पातळी पाहणे हा तिच्या मालकाचा नित्यनेम असला पाहिजे. थंड इंजिन सुरू करून दोन हात पुढे घेतले आणि बंद केले, तर आत पेट्रोल साचून ते पुन्हा लवकर सुरू होत नाही. एकदा जास्त तापले की सीले गेलीच म्हणून समजावे. रेडिएटर, त्याच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या यांवर खर्च करण्यास ज्याला जड जाते, त्याने ही गाडी घेऊ नये.

निगा

वयाने पंचविशी-तिशी गाठलेल्या गाडीत धातूपेक्षा रबर आणि प्लास्टिक आधी हार खाते. पाण्याच्या व हवेच्या नळ्या, इंजिन माउंट, सस्पेन्शनची बुशे, वायरिंगची जोडणी-टोके हे सारे गाडी घेतल्या वर्षीच बदलावयाचे म्हणून पैसे बाजूला ठेवावेत. टर्बो गाडीचे ऑईल पाच हजार किलोमीटरला बदलणे हा जुना आणि खरा नियम आहे. गाडी चाललीच नाही तरी वर्षाने बदलावे. जोरात चालवून आल्यावर लगेच किल्ली न फिरवता इंजिन मिनिटभर मंद चालू द्यावे, म्हणजे टर्बोतील तापलेले ऑईल जागच्या जागी जळत नाही.

इंधनाचा मुद्दा भारतात अधिक गंभीर होतो. या गाड्यांची इंजिने जपानी ‘हाय-ऑक्टेन’ पेट्रोलवर, म्हणजे तेथील पंपांवर सहज मिळणाऱ्या १०० च्या आसपासच्या ऑक्टेनवर बेतलेली आहेत. आपल्याकडील साधे पेट्रोल त्याहून कमी ऑक्टेनचे. कमी ऑक्टेनवर दाब वाढला की मिश्रण वेळेआधी भडकते, इंजिनात खडखड उठते आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल काढले, पण ते निवडक पंपांवरच मिळते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. नव्वदच्या दशकातील नळ्या, सीले आणि पंप त्यासाठी बनवलेले नव्हते. आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतील ओलावा शोषून टाकीच्या तळाशी पाणी जमवते. जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवावयाची तर झाकणाखाली हवा खेळती हवी, नाहीतर पत्रा झाकणाखालीच घाम धरतो.

सुट्या भागांची स्थिती मात्र पूर्वीपेक्षा सुधारली आहे. निस्सानने २०१७ च्या अखेरीस आर३२ जीटी-आरचे बंद पडलेले भाग पुन्हा बनविण्यास सुरुवात केली. टोयोटानेही पुढे जुन्या सुप्राचे भाग काढले. किंमत कमी नाही, पण भाग मिळतो, आणि मूळ कंपनीचा मिळतो.

फेरबदल

आर३२ च्या टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या नळीत एक बारीक छिद्राचा अडथळा बसवलेला असतो. तो काढला की दाब वाढतो, गाडी चटकन अधिक जोमदार वाटू लागते आणि खर्च शून्य. या एका युक्तीने जितके सिरॅमिक टर्बो गमावले गेले असतील तितके शर्यतीतही गेले नसतील. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढले पाहिजे. पेट्रोल वाढवावयाचे तर पंप, इंजेक्टर आणि इंजिनाचा संगणक त्यास समर्थ हवा. आणि हे सारे जुळले आहे की नाही ते डायनोवर, हवा-इंधनाचे प्रमाण मोजत पाहावे लागते. रस्त्यावर ‘कानाने’ केलेली जुळणी हा जुगार होय.

म्हणून जाणकार क्रम उलटा ठेवतात. प्रथम गाडी मूळ स्थितीत निरोगी करणे. मग ब्रेकचे पॅड, ब्रेक-तेल आणि टायर. मग रेडिएटर व ऑईल कूलर. त्यानंतर सस्पेन्शन, आणि सर्वांत शेवटी शक्ती. एचकेएस, टोमेई, ट्रस्ट यांसारख्या जपानी संस्थांचे भाग निवडताना त्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत हे विसरू नये. टर्बोची नकल घेणे म्हणजे इंजिन पणाला लावणे. खुद्द जपानमध्येही फेरबदलाला मोकळे रान नाही. गाडीचे पोट जमिनीपासून ९ सेंटिमीटर वर हवे, आवाज मर्यादेत हवा, नाहीतर शाकेन मिळत नाही.

भारतात कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणी-पुस्तिकेतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलावयाचे तर नोंदणी-अधिकाऱ्याची परवानगी आणि पुस्तिकेत नव्या इंजिनाचा क्रमांक हवा. परदेशातून अर्धी कापून आणलेल्या गाडीचे टर्बो इंजिन येथील सेडानमध्ये बसविण्याची हौस अनेकांना असते. ते इंजिन पुस्तिकेत चढले नसेल तर अपघात होताच विमा कंपनी सर्वप्रथम तोच क्रमांक तपासते, आणि समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो. कर्कश सायलेन्सरचा दंड त्या मानाने किरकोळ.

आर३५ सारख्या अधिकृत गाडीतही संगणकाची जुळणी बदलली की कंपनीची हमी जाते. ब्रेक-पॅड, चांगल्या प्रतीचे ऑईल, मूळ मापाचेच पण अधिक पकडीचे टायर एवढे बदल करून गाडी कोइम्बतूरच्या कारी, चेन्नईच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर खुल्या दिवशी नेता येते. आणि जो काही मूळ भाग उतरवला जाईल, मग तो हवेच्या गाळणीचा डबा असो वा सायलेन्सर, तो पुसून, गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवावा. लिलावात आज सर्वाधिक बोली लागते ती ज्या गाडीसोबत हे सगळे खोके येतात तिला.